सपाट पडद्यावरची वाकडी रेघ

फोनवर लोक टीव्हीचं दुखणं सांगतात ते ऐकलं, तर वाटावं दुकानाऐवजी दवाखान्यात फोन लागलाय. "वहिनी, सकाळपासून निपचित पडलाय." "अहो, आवाज खणखणीत आहे, पण तोंड दाखवत नाही." "उजवी बाजू पार लुळी पडली हो." एका आजोबांनी तर कळवलं होतं की त्यांचा टीव्ही दिवसेंदिवस निळा पडत चाललाय, आणि बातम्या देणारी बाई बुडालेल्या माणसासारखी दिसते.

दुकानातल्या वहिनीला हे सगळं बरोबर कळायचं. निळा पडला म्हणजे पडद्यामागच्या दिव्यांच्या पट्ट्या म्हाताऱ्या झाल्या. आवाज आहे आणि तोंड नाही म्हणजे दिवे गेले. अशा वेळी ती फोनवरच सांगायची, "पडदे ओढून अंधार करा, मोबाइलचा टॉर्च काचेजवळ तिरपा धरा, आणि आत माणसं हलताना दिसतात का बघा." पलीकडे थोडी खुडबुड व्हायची आणि मग दबक्या आवाजात उत्तर यायचं, "दिसतात की हो! अंधारात बसलीत बिचारी."

"मग आणा. जिवंत आहे."

उभी रेघ आली म्हणून कुणी केबलवाल्याच्या नावाने शंख करत आलं, तर ती आधी रिमोटवरून मेनू उघडायला लावायची. रेघ मेनूवरूनही गेली, तर दोष टीव्हीचाच. केबलवाला सुटायचा, आणि त्याला हे कधी कळायचंही नाही.

हे ज्ञान तिने कुठल्या पुस्तकातून मिळवलं नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा रिमोटमध्ये सेल कुठल्या बाजूने घालायचे यावर तिचं आणि रिमोटचं भांडण व्हायचं. मग सासऱ्यांच्या शेजारी स्टुलावर बसून, आधी नुसते स्क्रू वाटीत गोळा करत, मग ते परत लावत, आणि एक दिवस सासऱ्यांना "थांबा आबा, मी बघते" म्हणत, ती शिकली.

आबा ट्यूबवाल्या टीव्हींच्या जमान्यातले. पोट सुटलेले ते जड सेट त्यांनी हयातभर उघडले. हे भिंतीवरचे चपटे सेट आले आणि त्यांनी पाना खाली ठेवला. "याला पोटच नाही," ते म्हणायचे, "राग आला तर ठेवत कुठे असेल?" उघडण्याचं काम सुनेकडे गेलं. भिंतीवर टांगण्याचं मुलाकडे गेलं, कारण शिडीवर चढून ड्रिल धरण्यापलीकडे आपल्याला काही येत नाही हे त्याने स्वतःच अभिमानाने जाहीर केलं होतं. आबांनी मात्र एक काम स्वतःकडे ठेवलं, आणि ते कुणाला मागायची छाती नव्हती.

दुरुस्त झालेला सेट त्यांच्या खुर्चीसमोरच्या टेबलावर जायचा. सदऱ्याच्या खिशातून पेन ड्राइव्ह निघायचा. त्यात एकच चित्र होतं: काळ्यावर पांढऱ्या रेघांच्या बारीक चौकटी आणि मधोमध एक टिंब. आबा डावा डोळा मिटायचे, नेम धरल्यासारखे पुढे झुकायचे, आणि त्या टिंबाकडे इतका वेळ बघत राहायचे की समोरच्या गिऱ्हाइकाला आपणच काही गुन्हा केलाय असं वाटायला लागायचं. मन भरलं की रोलमधलं एक पांढरं स्टिकर सोलून सेटच्या पाठीवर डकवायचे. त्यावर बॉलपेनने, गोल गोल अक्षरात, एकच शब्द: 'पाहिला'.

सही नाही, तारीख नाही. पण या रस्त्यावर त्या शब्दाला वजन होतं. समोरच्या शिंपीणबाई तर स्टिकर नसलेला सेट उंबऱ्याच्या आत घ्यायच्या नाहीत.

त्या शिंपीणबाईंच्याच सेटपासून सगळं सुरू झालं.

त्यांचा टीव्ही शिलाई मशीनच्या समोर भिंतीवर असायचा. हात कपड्यावर आणि डोळे मालिकेवर, असा त्यांचा कारभार. एकदा मालिकेत सासू जिन्यावरून पडली तेव्हा इथे एका गिऱ्हाइकाची बाही उलटी शिवली गेली होती. पडद्याचा खालचा अर्धा भाग काळवंडला म्हणून सेट दुकानात आला. वहिनीने झोपलेलं तान्हं मूल एका कडेवरून दुसऱ्या कडेवर द्यावं तशी पॅनलची पातळ काच उचलली, खालच्या पट्ट्या बदलल्या, बावीस स्क्रू लावले आणि सेट आबांच्या पुढ्यात ठेवला.

आबांनी बघितलं. बराच वेळ बघितलं.

"नापास."

"का हो?"

"मधली रेघ वाकलीय. टिंबाच्या बाजूला पोट आलंय तिला."

वहिनी हसलीच. "आबा, रेघेला पोट यायचं ते तुमच्या ट्यूबला. आत किरण नाचायचा, तो चुकला की रेघ वाकायची. इथे एकेक ठिपका जागेवर खिळलेला आहे. मरेल, पण जागा सोडणार नाही."

"माणूस असल्यासारखं बोलू नकोस त्याच्याबद्दल. वाकलीय म्हणजे वाकलीय."

"मला तर सरळ दिसते."

"तुला सगळंच सरळ दिसतं. माझ्या मुलाशी लग्न केलंस त्यातच कळलं."

तिने मुकाट्याने बावीस स्क्रू पुन्हा काढले. सगळं जागच्या जागी होतं. पुन्हा लावले. पुन्हा नापास. दुसऱ्या दिवशी न्हाव्याच्या दुकानातला सेट झाला, तोही नापास. त्यानंतर एका लॉजच्या खोलीतला. तिघांनाही एकच आजार, टिंबाच्या उजवीकडे, रेघेला पोट.

आठवडाभरात भिंतीला टेकून तीन सेट उभे राहिले, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. वहिनीच्या नवऱ्याला टांगायला काही उरलं नाही. "सकाळपासून फक्त माझा शर्ट टांगलाय," तो म्हणाला. शिंपीणबाई दिवसातून दोनदा रस्ता ओलांडून यायच्या.

"झाला का पास माझा? पोरीचा निकालसुद्धा एवढा लांबला नव्हता."

"आबा नाही म्हणतात."

"काय झालंय तरी त्याला?"

"आबांच्या मते पोट सुटलंय."

"इतकंच ना? मग माझ्याकडे पाठवा, मी चोळीचा घेर वाढवून देते!"

दुकान हसायचं. आबाही हसायचे, पण पेन ड्राइव्ह खिशात परत घालताना त्यांचा हात दोनदा खिसा चुकायचा. वहिनीने ते बघितलं होतं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

एकदा नवरा हळूच म्हणाला, "रोल तिथेच पडलाय. लाव ना तूच एक. कुणाला कळतंय?"

"आबांनी पाहिला नाही, आणि मी 'पाहिला' कशी डकवू?"

"तू पाहिलास ना?"

"मी दुरुस्त केला. दुरुस्त करणाऱ्याने पास करायचं नसतं. आबांचा नियम आहे."

नियम आबांचे पुष्कळ होते, आणि त्यातला एक त्याच दुपारी तिच्या डोक्यावर येऊन आदळला. जेवणाचे डबे झाकून सगळे बसले होते. शिंपीणबाई निकाल ऐकायला आल्याच होत्या. आबांनी लॉजवाला सेट तिसऱ्यांदा नापास केला, तशी नवऱ्याने मांडीवर थाप मारली. "नाचता येईना, अंगण वाकडं! आपल्या आबांचंही तेच. दिसेना, आणि पडदा वाकडा!"

शिंपीणबाई पदर तोंडाला लावून हसल्या. वहिनीही हसली. आणि हसता हसताच तिला आबांनी शिकवलेलं काहीतरी आठवलं.

पहिल्या वर्षीची गोष्ट. तीन सेट एकाच वेळी लुकलुकत होते म्हणून तिने तिन्ही उघडून टेबलभर पसरले होते. आबांनी तिच्या हातातून स्क्रू ड्रायव्हर काढून घेतला होता. "एकच खोट तीन सेटांत दिसली की सेट सोड. तिघांना समान काय आहे ते बघ. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल, सगळं एकदम उपटू नकोस." खोट दुकानाच्या प्लगमध्ये निघाली होती.

तिघांना समान काय?

तिने कुणाला काही न सांगता टेबल बदललं. आबा म्हणाले, "वाकडी." वायर बदलली. "वाकडी." तेच चित्र दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतलं. आबा वैतागले, "अगं, सेट उघड, टेबल काय नाचवतेस?" आता तिघांना समान अशी एकच गोष्ट उरली होती, आणि तिला स्क्रू नव्हते.

आठ दिवस आपण या माणसाला हसत होतो, हे तिच्या ध्यानात आलं. पण आबांशी रडव्या आवाजात बोलून चालत नसे. ते लगेच रडणाऱ्याची फिरकी घ्यायचे आणि मूळ मुद्दा बाजूला राहायचा.

शिंपीणबाई मशीनकडे परतल्या, नवरा चहा सांगायला गेला. तिने स्टूल ओढून आबांच्या शेजारी बैठक मारली, पूर्वीसारखी.

"आबा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची ना?"

"आता कळलं?"

"मग आज डोळा बदला. उजवा मिटा, डाव्याने बघा."

"काहीतरीच. मी कायम उजव्यानेच बघतो."

"म्हणूनच."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग हळूच उजव्या डोळ्यावर तळहात धरला आणि पुढे झुकले. पंखा फिरत होता. रस्त्यापलीकडून मशीनची टकटक येत होती.

"सरळ आहे," ते म्हणाले.

हात बदलला. "वाकडी." पुन्हा बदलला. "सरळ." चार-पाच वेळा त्यांनी तसं केलं, नावडता चॅनल लागतोय की काय हे पुन्हा पुन्हा बघावं तसं. मग हात खाली ठेवला.

"चष्म्याचा नंबर वाढला असेल."

"नंबराने रेघ पुसट होते आबा. वाकत नाही."

"तू डोळ्यांची मेकॅनिक कधी झालीस?"

"तुमच्याच हाताखाली."

त्यांना हसू आलं नाही. "बघू पुढच्या महिन्यात. इथे तीन सेट पडलेत."

"पुढच्या महिन्यात? येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही काय ऐकवता? 'रेघ एक असते तेव्हा आणा, दहा झाल्यावर कशाला आणता, फुलं वाहायला?' त्या बँकेतल्या साहेबांना सगळ्यांसमोर ऐकवलंत. बिचारे अजून पलीकडच्या फूटपाथवरून जातात."

आबा टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "आणि तो म्हणाला, पॅनल गेलं, तर?"

दुकानात हे दोन शब्द सहसा कुणी मोठ्याने बोलत नसे. दिवे जातात, बोर्ड जातो, त्याला उपाय असतो. पॅनल गेलं म्हणजे गिऱ्हाईक काही न बोलता सेटवर चादर टाकून घरी नेतं.

"मग या खुर्चीत बसून मी काय करू? स्टिकरं मोजू?"

वहिनी म्हणाली, "न उघडता पॅनल गेलं म्हणणाऱ्याला तुम्ही काय म्हणता, ते मी सून आहे म्हणून तोंडाने बोलत नाही."

आबांनी शिंपीणबाईंचा सेट स्वतःकडे ओढला. रोल हातात घेतला, एक स्टिकर अर्धं सोललं, आणि परत चिकटवून ठेवलं. "दे तिला तसाच. सेट चांगला आहे. पण हे लावणार नाही. नीट दिसत नसताना 'पाहिला' कसं लिहू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे होते, जणू तिलाच उशीर झाला होता.

डोळ्यांची डॉक्टर एवढी तरुण होती की आबांनी आधी तिलाच विचारलं, "डॉक्टर कधी येतील?" तिने मनावर घेतलं नाही. थेंब घालण्याआधी तिने टेबलाच्या खणातून एक कार्ड काढलं आणि त्यांच्यापुढे धरलं. काळ्यावर पांढऱ्या बारीक चौकटी. मधोमध टिंब.

आबा ताठ झाले. "हे माझं आहे. तुम्हाला कुणी दिलं?"

"डोळ्यांच्या सगळ्या दवाखान्यांत असतं हे, आजोबा."

"सगळ्या?" त्यांनी सुनेकडे वळून पाहिलं. "बघ, चोरी कुठवर पोचलीय."

डॉक्टरने तसाच एक कागद आणि पेन दिला आणि रेघ कुठे वाकते ते काढायला सांगितलं. आबांनी डावा डोळा मिटला आणि टिंबाच्या उजवीकडचं ते पोट, आठ दिवस ज्याच्यावरून सगळं दुकान हसलं होतं ते, चौकटी मोजून काढलं. डॉक्टर कागदाकडे पाहत राहिली. "इतकं नेमकं मला अजून कुणी काढून दिलेलं नाही." आबांची मान थोडी वर गेली. वहिनीला वाटलं, आता ही बाई गुण देतेय की काय.

मग थेंब, मग हनुवटी ठेवायचं यंत्र, मग आतला फोटो. डॉक्टर संगणकाकडे बघत म्हणाली, "पडद्याखाली पाणी झिरपलंय."

"कुठल्या पडद्याखाली?"

"डोळ्याच्या आतल्या. ज्याच्यावर चित्र उमटतं तो."

आबा पुढे सरकले. "समोरची काच ठीक आहे?"

"काच? हो, तुमच्या वयाच्या मानाने उत्तम आहे."

"आणि मागची रिबन?"

डॉक्टरने वहिनीकडे पाहिलं. "त्यांना नस म्हणायचंय," वहिनी म्हणाली, "मागून चित्र नेणारी."

"नस अगदी ठीक आहे."

"म्हणजे पॅनल," आबा म्हणाले. इतक्या हळू, की वहिनीने हातातली फाइल घट्ट धरली.

डॉक्टरला पॅनल म्हणजे काय माहीत नव्हतं. ती आपली सरळ सांगत सुटली. "पडद्याला ओल लागलीय, पडदा गेलेला नाही. अजून फार दिवस झालेले नाहीत. इंजेक्शनं देऊन ओल आटवता येते, दर महिन्याला एक, मग बघू. उशिरा आला असतात, तर खूण कायमची राहिली असती. एका डोळ्याचं सहसा कळतच नाही कुणाला. दुसरा सांभाळून घेतो. तुम्हाला कसं कळलं?"

"माझं कामच ते आहे. पास-नापास." मग त्यांनी विचारलं, "नव्यासारखा होईल?"

"नव्यासारखा असं नाही म्हणणार मी. पण चालू राहील."

आबा एकदम हसले, खरंखुरं, खुर्ची हलेल असं. "हेही माझंच! बघ सूनबाई, चित्रही माझं आणि वाक्यही माझं." ही ओळ त्यांनी आजवर शेकडो गिऱ्हाइकांच्या तोंडावर फेकली होती, आपल्याकडे परत आल्यावर ती एवढी बरी वाटते हे त्यांना माहीत नव्हतं.

बाहेर आल्यावर मात्र ते पायरीवर थबकले. "सुई कुठे देतात म्हणाली ती?"

"डोळ्यात."

"मला तो नापास सेट तसाच चालेल. चल घरी."

वहिनीने दंडाला धरून त्यांना परत आत नेलं, इंजेक्शनची तारीख घ्यायला.

तीन महिन्यांत तीन इंजेक्शनं झाली. प्रत्येक वेळी आबांनी डॉक्टरला उघडण्याआधी वीज बंद केलीस का म्हणून विचारलं. रोज सकाळी, दुकानाचं शटर वर गेलं की, ते आपल्या चौकटीपुढे बसून एकेक डोळा मिटायचे, आणि आतून वहिनीचा आवाज यायचा, "आबा, आज काय?" "पोट गेलंय. थोडी लंगडते." काही दिवशी "आज जास्त लंगडते" असायचं, आणि त्या दिवशी ती कामात दोनदा डोकं वर काढून त्यांच्याकडे बघायची. न्हाव्याचा आणि लॉजचा सेट केव्हाच गेले होते, शिंपीणबाईंचाही त्यांच्या भिंतीवर लागला होता. सगळे बिनस्टिकरचे.

"पत्र आलं, पण सही नाही, तसं वाटतंय मला," शिंपीणबाई कुरकुरायच्या. "मालिकेत रोज कुणीतरी रडतंय. आधी एवढं रडत नव्हते."

चौथ्या महिन्यात एका दुपारी आबा दुकानातून उठले, खिशात पेन ड्राइव्ह आणि हातात नवा रोल घेऊन, आणि सून व मुलगा दोघांना मागे यायला सांगून रस्ता ओलांडून गेले.

"उतरव," त्यांनी मुलाला भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट दाखवलं.

"आबा, स्टिकर पाठीवर लागणार. पाठ भिंतीला. कोण बघणार आहे?"

"भिंत बघेल. उतरव."

शिडी आली. मुलगा पुटपुटत चढला. सेट कापायच्या टेबलावर, कापडाच्या तुकड्यांमध्ये उभा राहिला. आबांनी चित्र लावलं, खुर्ची ओढून बसले, एक डोळा मिटून बघितलं, मग दुसरा मिटून बघितलं, आणि रोलमधल्या स्टिकरवर बॉलपेनने लिहून ते सोललं. शिंपीणबाईंनी चष्मा वर करून वाचलं.

"'दोघांनी पाहिला'? अहो, आता दोघं लागतात होय बघायला?"

"मग? आधी तुम्हाला एकच डोळा मिळत होता," आबा म्हणाले. "आता माझा एक आणि हिचे दोन. तीन देतोय, तरी तक्रार!"

"आणि तुमचा दुसरा?"

"तो नापास नाही. शिकाऊ आहे."

त्यांनी स्टिकर बोटावर तसंच धरून ठेवलं आणि खुर्चीवरून उठून सुनेला जागा दिली. "बस. तुझं झाल्याशिवाय लागणार नाही हे."

दुरुस्त करणाऱ्याने पास करायचं नसतं, हा नियम तिच्या ओठांवर आला होता. पण नियम ज्यांचा होता तेच खुर्चीची पाठ धरून उभे होते. ती बसली. पुढे झुकली, टिंबाकडे नजर लावली, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने, जसं बघून बघून शिकली होती तसाच, तिने डावा डोळा मिटला.

डोक्यावर हलकेच टपली बसली.

"तो का मिटतेस? तुझे दोन्ही चांगले आहेत ना? वापर की."